शेरा

पलटणीत मी कारकून होतो.
गोळी एकदाही झाडली नाही, नावं लिहिली.
अजून तेच करतो.
दोनशे पानी वही, लुना, आणि सोलापूरचं ऊन.

अशोक चौकामागं राजमोगली बोद्दूल.
घरातले चारही माग विकले त्यानं,
खटखट सोसत नाही म्हणाला.
त्या शांततेत आता त्याचेच दात वाजतात,
बेचाळीस अंशांत,
अंगावर शेवटच्या विणीतली चादर.

होटगीच्या शिवशरण बिराजदारला
भाकरीचा वास येत नाही, रॉकेलचा येतो,
भाकरीतूनच.
बायको तीनदा तवा बदलून थकली.

विजापूर वेशीतला इब्राहिम नदाफ
रात्री उठून बोटं मोजतो.
दहा भरली तरी परत मोजतो.

असे अकरा जण.
सगळे त्या हिवाळ्यात सीमेवर,
वाळूत सुरुंग पेरायला,
आणि आठ महिन्यांनी तेच वेचायला.

पॉलिक्लिनिकात प्रत्येकाच्या कागदावर एकच शिक्का,
काहीही आढळले नाही.
डॉक्टरीणबाई वाईट नाहीत.
म्हणाल्या, मामा, वय झालं, साखर बघा, झोप बघा.
बिराजदार म्हणाला, झोपच तर हुडकतोय की.

मग मला टँकर आठवला.
आधी डिझेल वाहणारा, वरून पांढरा रंग दिलेला.
ट्रंकेत पावतीही सापडली.
गोडे पाणी, पाच हजार लिटर, चव घेतली, ठीक.
खाली सही माझी.
चव मी घेतली नव्हती.
घेतली असती तर,
हे वाक्य तीन रात्री पुरं होईना.

चौथ्या दिवशी नदाफ हसला.
अहो क्लर्कसाब, टँकर होता महिनाभर,
त्या महिन्यात मी होतोच कुठं?
लेक झाली म्हणून रजेवर. पास तुम्हीच लिहिला.
जुनी नोंद काढली. खरं होतं.
ते पाणी न प्यालेला माणूस
माझ्यासमोर बोटं मोजत बसलेला.

सुटल्यासारखं वाटलं.
लगेच लाज वाटली.
टँकर खोडला, मग खोडल्यावर परत लिहिला,
बाजूला पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह.
त्याखाली, त्या पिवळ्या गोळ्या कसल्या होत्या?
खोकी जाळून शेकायचो, तो धूर?
सुरुंग वेचलेले हात धुवायचो कशानं?
वाळूनं.

नदाफची ती लेक, तरन्नुम,
आता पॉलिक्लिनिकातच रक्त काढते.
आम्ही बाकावर ओळीनं बसलो.
तिनं वही मागून घेतली, नावांवरून बोट फिरवलं,
काका, ही तर दहाच आहेत.
मी पंख्याकडं बघितलं.
तिनं माझ्या दंडाला रबर बांधलं,
मूठ आवळा, म्हणाली.
आवळलीय की, मी म्हणालो.
ती माझ्या हाताकडं बघत
थांबून राहिली.