शिरोली ते कागल, डावी बाजू

पावसानं उघडीप दिली की सायबांचा फोन येतो,
बाळगोंडा, टाकी भर.
सकाळी सहाला, वारा पडलेला असताना,
शिरोलीच्या नाक्याजवळ ट्रॅक्टर लावायचा,
शंभर लिटरला एक लिटर,
वरून निळा रंग,
मारलेलं कुठलं आणि राहिलेलं कुठलं ते कळावं म्हणून.
संध्याकाळी माझी नखं निळी असतात.
धाकटी विचारते, बाबा, तू शाई पितोस?

आमच्यात याला औषध म्हणतात.
औषध मारलं का, औषध लागलं का.
गाजरगवताला लागतं, घाणेरीला जरा उशिरा.
लव्हाळा मात्र बेरकी,
वरनं मेल्यागत पिवळा पडतो
आणि मातीखाली गाठ राखून ठेवतो,
आमच्या भावकीसारखा.

दोन वर्षांमागं गोकुळ शिरगावच्या वळणाला
गवत माणसाच्या छातीला लागत होतं.
बाणाची पाटी त्यात बुडालेली.
रात्रपाळी सुटलेला फाउंड्रीतला पोरगा
गाडी सरळ घेऊन गेला,
जिथं रस्ता सरळ नव्हता.
सकाळी आम्हीच विळ्यानं पाटी मोकळी केली.
पिवळी पाटी, काळा बाण,
दवानं धुतल्यागत कोरी करकरीत.
त्याची एक चप्पल आघाड्यात अडकली होती,
आघाड्याची कुसळं तिच्या पट्ट्याला.
म्हणून माझा हात थरथरत नाही.
पाटीभोवती मी दोनदा मारतो.

बाकी नियम आहेत.
उसाकडं वारा फिरला की बंद.
दुभाजकातल्या कण्हेरीला पत्र्याची आडोशी.
विहीर, ओढा, मधाच्या पेट्या दिसल्या की पुढं जायचं.
माणसाबद्दल कागदावर एवढंच,
माणूस लांब ठेवावा.

कणेरीवाडीच्या पुढं, चरीच्या पलीकडं
हौसाक्का ओट्यात टाकळा खुडत होती.
आमच्या यादीत तो रुंद पानाचं तण, क्रमांक चार.
तिच्या ओट्यात कवळी पानं, झोपेत मिटलेली,
उन्हं वर आल्यावर उघडणारी.
मी ओरडलो, आक्का, सर बाजूला, औषध येतंय!
ती म्हणाली, येऊ दे की,
मला कुठं ताप आलाय?

मी पंप बंद केला.
ती उठली नाही. खुडता खुडताच म्हणाली,
रानात तुम्हीच मारतासा, बांधावर तुम्हीच.
रस्त्याकडंला एवढं उरलं हुतं,
तितंबी आलासा व्हय?
मागनं ट्रक गेला. तिचा पदर आणि टाकळा
एकदमच हलले.
माझ्याकडं पाटीचं उत्तर होतं,
पण तिथं पाटी नव्हती, वळण नव्हतं,
नुसती चर होती, आणि चरीपलीकडं ती.

त्या दिवशी रजिस्टरला मी लिहिलं,
नोझल तुंबलं. चरीपलीकडचे दोनशे फूट राहिले.
सायबांनी सही केली.
पुढच्या पावसाळ्यात तिथंच परत तुंबलं.
यंदा त्यांनी पेन थांबवलं,
बाळगोंडा, हे बरं तिथंच तुंबतं?
म्हटलं, तिथलं पाणी गढूळ हाय सायेब.
पाणी तर आपण शिरोलीत भरतो, म्हणाले.
मी नखांकडं बघत राहिलो.
सुई ठेवत जा जवळ, म्हणाले,
आणि सही केली.

आज ट्रॅक्टरच्या सीटवर कुणीतरी
फडक्यात बांधून जुडी ठेवलेली.
बायकोनं ती तीन पाण्यांत धुतली,
पाणी निळं येतंय का बघून चौथ्यात.
लसणाची फोडणी, मूठभर हरभऱ्याची डाळ.
धाकटीनं आधी वास घेतला, मग माझ्या बोटांकडं बघितलं,
मग म्हणाली, तू आधी खा.