पान त्रेचाळीस

भुसावळ. रेल्वे इन्स्टिट्यूटचं वाचनालय.
मे महिना; पंखा फिरतो तो आवाजापुरता.
बर्फात उमटलेली पावलं मी मोजतोय
आणि कोपरावरचा घाम
थेट लॉर्डसाहेबांच्या गालिच्यावर.

त्रेचाळिसाव्या पानाच्या समासात
पेन्सिलीनं, सुबक अक्षरात:
खुनी माळी आहे.

झालं. म्हणजे आता खून दोन,
आणि दुसरा माझा.

मागच्या खिशातलं कार्ड काढलं. संशयित चार.
गार्ड डिक्रूझ: अकरा दिवस उशीर, दंड भरलेला.
भारंबे मास्तर: दुसऱ्याच दिवशी परत. एवढ्या घाईनं?
सिस्टर फेगडे, रेल्वे हॉस्पिटल: विषाच्या बाटल्या हाताखालच्या.
चौथी सही वाचताच येत नाही;
तिच्यावर केळीच्या चिकाचा तपकिरी डाग,
जो सात धुण्यांत जात नाही.
म्हणजे सावदा, नाहीतर रावेर. अख्खी केळीची पट्टी संशयित.

ग्रंथपाल वायकोळेंना विचारलं. मान वर न करता म्हणाले,
'मले काय मालूम?'
कानावर पेन्सिल.

तरी वाचत राहिलो. माळ्याची कात्री,
माळ्याचा प्रत्येक नमस्कार तपासला.
दोनशे अकराव्या पानावर तो सुटला.
बिचारा सगळा वेळ गुलाबांना पाणी घालत होता,
आणि खरा खुनी चार प्रकरणं माझ्यासमोर
चहा ओतत बसलेला, मी बघितलंच नाही.

वायकोळेंकडे पेन्सिल मागितली. टोक ताजं होतं.
त्रेचाळिसाव्या पानावर, त्या ओळीखाली,
डाव्या हातानं लिहिलं:
छे. डॉक्टर.