सात दिवसांच्या आत

झोन ऑफिसातून निघतो तेव्हा
पिशवीत असतात नोटिसा, एक ब्रश
आणि घरून आणलेली गव्हाच्या पिठाची खळ.
डिंक मार्चमध्येच संपला.
नवा मागवलाय. मागवलेलाच आहे.

नोटिशीला दार लागतं.
मोकळ्या प्लॉटला दार कुठून आणू?
बाभळीच्या खोडाला चिकटवतो, विजेच्या खांबाला,
एकदा तर कोणी फेकलेल्या फ्रिजला,
म्हणजे दार मिळालं शेवटी.
फोटो काढतो. तारीख आपोआप उमटते.
मी वळलो की वस्तीतल्या बकऱ्या येतात
आणि पिठाच्या चवीसाठी
महानगरपालिकेचं बोधचिन्ह
सहीशिक्क्यासकट खाऊन टाकतात.

मालक असतात कुठंतरी.
एक हिंजवडीला, "यंदा विकतोच" म्हणणारा.
एक वर गेलेला, फोन अजून चालू.
एका प्लॉटला सहा वारस, सहा वकील,
मधोमध खड्ड्यात साचलेलं पाणी
आणि पाण्यात अळ्या,
ज्यांचा कुठलाही दावा प्रलंबित नाही.

यंदाची यादी तीनशे बारा.
टायपिंग माझंच.
एकशे अठ्ठ्याऐंशीवर बोटं थांबली:
हुडकेश्वर, मागचा लेआउट, प्लॉट सत्तेचाळीस,
मालक लहानू सोनबा खोब्रागडे.
बाबा.

चाळीस रुपये महिना, नव्वद हप्ते,
पिवळ्या कार्डावर नव्वद सह्या.
लेआउटवाल्यानं जीपमधून नेऊन दाखवलं होतं,
इथं रस्ता, इथं शाळा, इथं बगीचा.
तेव्हा तिथं तूर उभी होती.
मग मिल बंद पडली
आणि घर बांधायचं राहून गेलं,
आधी बाबांचं, मग माझं.
टॅक्सची पावती मात्र मी दरसाल फाडतो,
तेवढ्यानं वाटत राहतं, आपण काही विसरलो नाही.

गेलो. गाजरगवत छातीला लागत होतं.
डुकरीण, तिची आठ पिल्लं,
कुणाच्या लग्नातल्या थर्माकोलच्या प्लेटा.
तक्रारदार रेखा वैरागडे गेटातच उभ्या.
"पोट्ट्याच्या प्लेटलेट्स अठरा हजारावर आल्या होत्या साहेब.
त्या मालकाले जनाची नाही ना मनाची.
कुठं मरून राहिला कोण जाणे!"
"मेला," मी म्हणालो. "अकरा सालीच."
"पोरं असतील नं त्याचे?"
"आहे एक."
"काय करते?"
मी ब्रश खळीत बुडवला.

रविवारी विळा घेऊन गेलो, सोबत साळा.
तीन वाजेपर्यंत कापत होतो.
गवताखाली एकेक दगड निघाला,
त्यावर बाबांनी लाल ऑइलपेंटनं लिहिलेलं
ल. सो. खो.
मिलच्या गाठोड्यांवर नंबर टाकायची सवय,
अक्षर अजून सरळ.
तीन दगड सापडले, चौथा सापडेना.
टेप धरला तर त्या बाजूला चार फूट कमी.

वैरागडेबाई पाण्याचा जग घेऊन आल्या.
दगडावरचं नाव वाचलं, माझ्याकडं पाहिलं.
काही बोलल्या नाहीत.
मागं पायरीवर पोरगा बसला होता,
हातावर सलाईनची पट्टी अजून तशीच.
मी दुसरा ग्लास पीत होतो तेव्हा त्या म्हणाल्या,
"चौथा आमच्या तुळशीखाली आहे.
सासऱ्यानं ओटा बांधला तवाच.
मले माहीत होतं."

सोमवारी अहवाल लिहिला.
मालकाच्या वारसास नोटीस बजावली, वारसाने ती स्वीकारली.
झुडपे काढली. पाणी उपसले.
हद्दीचे दगड: तीन.
चौथ्याबद्दल काही लिहिलं नाही.
त्याला रोज सकाळी पाणी मिळतं,
एवढं मला ठाऊक आहे.