कार्ड क्रमांक सतरा

घंटा पितळी, वजन अकरा किलो.
लोलकाला मीच फडकं बांधलंय,
शाळेची पोरं आली की थांबत नाहीत.
हातपंप. दोन्ही दांड्यांना चार-चार गडी लागायचे.
त्याचा दट्ट्या उद्यमनगरात इलाही मिस्त्रींनी
लेथवर नवा उतरवला, पैसे घेतले नाहीत,
म्हणाले, चालतो का तेवढं बघा.
चालवणार कुठं? खाली फरशी, वर पंखा.

चामड्याच्या बादल्या सहा. एकीला बूड नाही.
कॅनव्हासचा होज, धामणीसारखा वेटोळं घालून.
आणि सतरा नंबरला बूट. एकच. डावा.
मी लिहिलं होतं: तळाला डांबर.

शनिवारी आदगोंडा चौगुले आले,
निवृत्त लीडिंग फायरमन,
कानटोपी, हातात औषधांची पिशवी.
‘हात लावू नये’ ही पाटी त्यांनी नीट वाचली
आणि काच सरकवायला सांगितली.
कपलिंग उलटं बसवलंय, म्हणाले.
मग होजचं टोक बोटांत चुरत,
‘ह्यो कोरडा असला की पयल्यांदा गळतोय,
चाळणीगत. सगळं पाणी आपल्याच अंगावर.
जरा दम धरायचा. सूत फुगतं, मग थांबतंय.’

बूट उलटा केला.
नखानं खरवडलं. वास घेतला.
‘डांबर न्हवं. गूळ.’

शाहूपुरीत वखार पेटली त्या रात्री
रवेच्या रवे वितळून रस्त्यावर आले,
काळे, उकळते, घोट्याएवढे.
गल्लीत गुऱ्हाळाचा वास सुटला,
झोपलेली पोरं उठून बसली म्हणे,
खायला मागायला लागली.
महादबा शिंत्रे सगळ्यांत पुढं, नळी धरून.
पाय उचलायला गेला.
‘बूट ऱ्हायला,’ आदगोंडा म्हणाले,
आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

दर पावसाळ्यात या कपाटात मुंग्या होतात.
तीन वर्षं मी पावडर मारते,
फटी लांबीनं बुजवते,
सुताराला बोल लावते.

कार्ड खोडलं. लिहिलं: गूळ.
साल विचारलं तर त्यांना वारसुद्धा आठवत होता,
सोमवार, बाजार बंद.
महादबाचं नाव कुठल्या रकान्यात घालायचं
ते मात्र दोघांनाही सुचेना.
देणगीदार? त्यानं दिला कुठं.

कुलूप लावताना पावडरचा डबा
बाहेरच्या कचऱ्यात टाकला.
काचेच्या आतून एक मुंगी वर चढत होती,
तोंडात काहीतरी काळं.