ठिपके नसलेली ओळ

फोटो आला तेव्हा मे महिना होता,
कूलरच्या टाकीत पाणी नव्हतं,
आणि मुकीत साहेबांनी ती काळी लाकडी फळी
भिंगाखाली सरकवून विचारलं,
"सांगा, हा माणूस कुठला?"

फळी मालदीवच्या मशिदीतली.
वाळवी, खारा वारा आणि कित्येक शतकं
यांनी मिळून अक्षरांवरचे ठिपके खाल्लेले.
अख्ख्या बेटांना कलमा शिकवून गेलेल्या परक्याचं
नाव शाबूत. गाव नाही.

रेघेवरचा एक दात जास्त मोजला
तर तब्रीझ: इराण, बर्फ, गालिचे.
एक कमी मोजला तर बर्बर,
म्हणजे मगरिबचे डोंगर,
नाहीतर सोमाली किनारा, उंट आणि ऊद.
साहेब सकाळी तब्रीझ वाचायचे, चहानंतर गप्प व्हायचे.
तहसीन मॅडम दोन्ही वेळा बर्बर.
मधल्या टेबलावर मी, ठसे घेणारा.
अरबी येत नाही मला, दगड कळतो.
ओला कागद चिकटवायचा, ब्रशने ठोकायचं,
शाई हलक्या हाताने.
जोर दिला की
नसलेलंही उमटतं.

माझीही एक फाइल होती तेव्हा,
पडताळणी समितीकडे.
तांडापेठेतला आमचा आजा
पाचपावलीच्या शाळेत गेला त्या दिवशी
मास्तरने विचारलं असेल, बाप काय करतो रे?
विणतो.
लिहिलं: कोष्टी.
आई म्हणायची, आपन हलबाच होय, बापा,
रानातून आलेले,
माग तर मागून हाती आला.
समितीच्या माणसाने विचारलं,
देव कोणता, लग्नात काय करता,
मयताचं डोकं कुठल्या दिशेला?
मी सांगत गेलो, तो खुणा करत गेला,
पेन्सिलीच्या, बारीक,
आजाच्या शाळेतल्या त्या एका शब्दाशेजारी.

मुकीत साहेब मोमिनपुऱ्याचे.
त्यांच्याही घरी एकेकाळी माग.
डबा खाताना म्हणाले,
"आम्ही गदरनंतर आझमगढकडून आलो म्हणतात.
खरं म्हणजे आम्ही चालत आलो,
आणि विचारेल त्याला
कालच्या मुक्कामाचं नाव सांगत आलो."
हसले. तर्री झणझणीत होती, डोळे पुसले.

तहसीन मॅडम एकदा माझ्याकडून
मराठीत अर्ज लिहून घेत होत्या, मध्येच अडल्या.
"जग म्हणजे दुनिया, आणि जग म्हणजे जिवंत राहा?
ना नुक्ता, ना काही. मग कळतं कसं?"
मी म्हटलं, शेजारी कोण बसलंय
ते पाहून.

बेटांवरची गोष्ट साहेबांनीच सांगितली.
महिन्यातल्या एका रात्री समुद्रातून काहीतरी यायचं.
चिठ्ठी निघेल त्या घरची मुलगी
किनाऱ्यावरच्या देवळात नेऊन ठेवायची,
पहाटे प्रेत आणायला जायचं.
एकदा हा परका तिच्या जागी बसला,
तिचेच कपडे घालून,
आणि उजाडेपर्यंत वाचत राहिला.
ते आलं, ऐकलं, परत गेलं.

"वाचताना उच्चार कसा होता त्याचा?" मी विचारलं.
साहेब घास हातात धरून थांबले.
"ते कुणी लिहून ठेवलं नाही."

मला ती मुलगी दिसते, घरीच राहिलेली,
आपल्या अंगावरचे कपडे कुणा अनोळख्याच्या अंगावर आहेत
एवढंच ठाऊक असलेली.
सकाळी तो आला असेल, डोळे तारवटलेले, घसा बसलेला.
तिच्या आईने आधी पाणी दिलं असेल.
गाव विचारायला
पुढे आठशे वर्षं होतीच.

अहवालात साहेबांनी लिहिलं: वाचन संदिग्ध.
खाली उर्दूत सही.
तहसीन मॅडमनी बोट ठेवलं,
"साहेब, काफचे दोन ठिपके राहिले."
"राहू द्या," ते म्हणाले, "बँकेत ओळखतात मला."

माझा त्या महिन्याचा पगार अडकला होता.
मी बादली उचलली
आणि कूलरमध्ये पाणी भरायला गेलो.