डाळीएवढं गुलाबी

पहाटे पाचला मी तिला पेला दिला.
पन्नास मिली पाणी, त्यात विरघळलेली पूड,
आंबटढाण,
शिळ्या ताकात नाणं पडून राहावं तशी चव.
बोगुमिवा रातायचाकनं नाक मुरडलं, एका घोटात संपवलं
आणि विचारलं, "हे सांगणार, कुठं काय आहे ते?"
आपणहून नाही, म्हटलं.
दिव्यानं विचारलं तरच.

ती हसली. चाळीस वर्षं तिनं हेच केलेलं:
तोरुनच्या चर्चांमधून शिडीवर बसून,
काळ्या कापडाआड जांभळा दिवा धरून
भिंतींना खोदून खोदून विचारायचं,
संताच्या झग्यातलं मूळचं किती, मागाहून चोपडलेलं किती.
"जुनं रोगण हिरवट उजळतं," म्हणाली,
"नंतरची लबाडी काळी पडते."
इथं उलटं आहे, बाई.
इथं नंतर आलेलंच पेटतं.

दहाच्या सुमाराला डॉक्टर शिमुरा म्हणाले, दिवे.
दिवे घालवायचं काम माझं.
छतावरचे, मग टेबलावरचे,
मग यादविगानं आपल्या यंत्राचा पडदाही मंद केला.
बिदगोश्चच्या या इस्पितळात बावीस वर्षं
मला एकच शिकवलं होतं, उजेड कमी पडू द्यायचा नाही.
आणि आता माझं बोट बटणावर.

सूक्ष्मदर्शकातून निळा झोत उतरला.
मेंदू निळा, बर्फ धरू लागलेल्या विस्वा नदीसारखा,
आणि खोल तळाशी
डाळिंबाच्या दाण्याआत कुणी वात लावावी
तसं लाल.
कुणी बोललं नाही.
काही गोष्टींना सुंदर म्हणू नये.
मी मनात म्हटलं.

लाल ते काढायचं, हे सोपं.
रक्तानं झाकलं की धुवायचं, पुन्हा बघायचं.
फार वेळ बघितलं तर विटतं ते,
नजरेनंच विटावं तसं.
अवघड असतो काठ,
लाल जिथं फिकं होत होत गुलाबी होतं,
आणि गुलाबी कुठं संपलं यावर
एका माणसाच्या दोन डोळ्यांचंही एकमत नसतं.

तिला जागं केलं होतं, बोलतं ठेवायला.
यादविगा विचारी, ती रंगांची नावं सांगे:
शिसपांढरा. गेरू. हिंगूळ. काजळी. हरताळ.
डॉक्टरांनी काठाला तार टेकवली.
"पुढचा?"
"ला—"
"पुढचा?"
"ला—"
तार उचलली.
"लाजवर्द," ती म्हणाली, जसं काही झालंच नव्हतं.
पुन्हा टेकवली. पुन्हा ती निळ्याच्या उंबऱ्यावर अडली.

डॉक्टरांनी हात मागे घेतला.
तिथं अजून होतं, मसुराच्या डाळीएवढं.
"दिवे लावा," म्हणाले. मी लावले.
पांढऱ्या उजेडात तिथं काहीच नव्हतं.

मग एक दिवस, एक रात्र अंधार.
औषध अजून अंगात, ऊन लागलं तर कातडी भाजेल,
म्हणून कोपऱ्यातली खोली,
पडद्यांना कपड्यांचे चिमटे.
"किती राहिलं?" तिनं विचारलं.
डॉक्टर सांगतील, असं म्हणायचं असतं आम्ही.
मी तिची करंगळी शोधली
आणि अर्धं नख दाबलं.

बराच वेळ ती गप्प होती.
मग म्हणाली, "एका खेड्यातल्या चॅपेलमध्ये
मी एक निळा झगा तसाच सोडला.
खोटा होता, कुणा रंगाऱ्यानं शंभर वर्षांनी फासलेला.
पण गिलावा त्यानंच धरला होता.
खरवडला असता तर चेहरा खाली आला असता."
मला वाटलं, आता ही झोपेल.
"पण तो रंग," ती म्हणाली, "वाढत नव्हता."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी उशी नीट केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिमटे काढले.
एक. दोन. तिसरा राहू दे, म्हणाली.
बाहेर नोव्हेंबर; उजेड कसला,
ओल्या राखेसारखं काहीतरी काचेला टेकलेलं.
त्या रंगालाही नाव होतं म्हणे.
तिनं सांगितलं,
अडखळून, पण पूर्ण.