कात्रीचा दगड

अंबादासनं हैदराबादेहून पाठवलेला दगड
पहिल्यांदा हातात घेऊन अम्मा म्हणाली,
अगं, ही तर साबणाची वडी की.
हॉटेलातले आचारी सुऱ्या लावतात त्याच्यावर,
चिनीमातीचा आहे, तेल नको, काही नको,
तो फोनवर सांगत होता, मागं कढया वाजत होत्या.

तेव्हा तो जोंधळ्याच्या पिठाहून पांढरा होता.
दोन वर्षं रोज पहाटे, नळाला पाणी यायच्या आत,
अम्मानं कात्रीची पाती त्याच्यावर ओढली.
मग भिजवलेली पानं, पत्र्याचा फर्मा, कचकच कचकच,
हजार विड्यांचे हजार तुकडे
आणि कारखान्यात छाटात जाणाऱ्या विड्यांचे वेगळे.

आता दगड पाटीसारखा काळा.
कात्री नुसती घसरते, बर्फावरनं घसरावी तशी.
धार बसंना झालीय, अम्मा म्हणाली,
बाद झाला वाटतं तुझ्या भावाचा दगड.

बाद कसा होईल.
कारखान्याला सुट्टी होती, मी मोरीत बसले.
भांड्याचा साबण लावला, काळं पाणीसुद्धा निघेना.
तारेची घासणी घेतली, तर दगडानं घासणीच खाल्ली,
होता त्याहून काळा झाला.
देवाची तांब्याभांडी उजळणारी चिंच
इथं नुसतीच आंबट.
सोड्यावर लिंबू पिळलं,
फसफसलं, गप्प बसलं.
टूथपेस्ट आणि जुना ब्रश यांनी
एक कोपरा तेवढा राखाडी केला.

समोरची सत्तव्वा येमूल दारात उभी राहून बघत होती.
तिचा नवरा रंगाच्या कारखान्यात होता.
चादरीवर गंज पडला की घालायची ती पूड
अजून तिच्या माळ्यावर, डब्याला वर चिंधी बांधलेली.
पिशवी घाल हातात, तोंड लांब धर, पोरांना लावू नको.
चिमूटभर, ओल्या दगडावर, दहा मिनिटं.
काळ्याचा करडा झाला, करड्याचा ढगाळ.
भरपूर पाण्यानं धुतला, उन्हात ठेवला.
सोलापूरचं ऊन, पाचव्या मिनिटाला वाळला.

राहिलेल्या रेघा तश्शाच.
भाची गृहपाठ करत होती.
तिनं विचारलं नाही, काही नाही,
खोडरबर उचललं आणि घासायला लागली,
पाढा चुकल्यावर घासते तशी, जीभ बाहेर काढून.
निघालं.
रबराच्या बारीक अळ्या काळ्या होऊन पडल्या फरशीवर.
त्या झाडताना मला वाटलं,
कात्री कमी होत गेली ती ही इथं.

अम्माला बोलावलं. तिनं बघितलं, हसली,
आणि मग म्हणाली, हे माझ्या अंगठ्याला लाव की.

गेल्या महिन्यात रेशनच्या मशीननं
तिचा अंगठा चार वेळा परत पाठवला.
दुकानदार बोनागिरी चांगला माणूस,
म्हणाला, लिंबू चोळून या, सरकी तेल लावून या,
दुसरं बोट द्या, तिसरं द्या.
दहाही दिली.
चाळीस वर्षं पान वळून, तोंड दुमडून, दोरा गुंडाळून
दहाही बोटं गुळगुळीत.
माझ्या बोटांवर गहू मिळाला.

घासून निघायला काही भरलेलं असावं लागतं.
हे मी तिला बोलले नाही.
भाची मात्र खरंच खोडरबर घेऊन पुढं झाली,
आणि अम्मानं खरंच हात पुढं केला.
तिनं हळूच घासलं. पिवळट झालं थोडं रबर,
तंबाखूचा वास आला त्याला.
शाळेत बाई ओरडतील, मी म्हणाले.
ओरडू दे, दोघी म्हणाल्या.

रात्री अम्मानं दगड चिंधीत गुंडाळून
सुपाखाली ठेवला.
पहाटे मी जागी होते, डोळे मिटून.
नळाला अजून पाणी नव्हतं.
कात्रीनं दगडावर पहिली रेघ ओढली,
आवाज वेगळा होता, जरा खरखरीत,
आणि अम्मा अंधारात स्वतःशीच म्हणाली,
हां, आता धरतोय.